एकही चादर फाटली नव्हती

१

लशीचं रजिस्टर चोरीला गेलं, ते मला सकाळी सव्वानऊला कळलं. तेव्हाच मनात म्हटलं, झालं, हे आता माझ्या गळ्यात येणार. आणि आलंच.

आमचा कारखाना धुलाईचा. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळं आमच्याकडे येतं आणि धुऊन, इस्त्री होऊन परत जातं. मी शिवणखोलीत बसते. फाटलेलं शिवायचं आणि शिवण्यापलीकडे गेलेलं बाजूला काढायचं, हे माझं काम. एकोणतीस वर्षं झाली. सगळे मला टाकेकाकू म्हणतात. एवढ्या वर्षांत मी कितीतरी हरवलेल्या चादरी, एक अंगठी आणि एका डॉक्टरांची कवळी शोधून दिली आहे. त्यामुळे काही हरवलं की साहेबांना माझी आठवण येते. पगारवाढीच्या वेळी येत नाही.

केबिनमध्ये गेले तर साहेब खुर्चीत, मुकादम दाराशी आणि मधोमध इस्त्रीमावशी उभी. मावशी सव्वीस वर्षं इस्त्रीच्या रोलरवर आहे. पेन्शनला चौदा महिने उरलेत. ती खाली फरशीकडे बघत होती.

"काकू, बसा," साहेब म्हणाले. "लशीचं रजिस्टर सिस्टरच्या खणातून गेलंय. काल साडेतीनला ही बाई तिथून बाहेर पडताना मुकादमांनी पाहिली. एप्रनखाली काहीतरी दडवलं होतं."

"काय दडवलं होतं?"

"तेच तर सांगत नाही ती."

गेले वीस दिवस कारखान्यात लशीशिवाय दुसरा विषय नव्हता. एक तारखेला फलकावर नोटीस लागली होती: वीस तारखेपर्यंत लस घ्या, नाहीतर घेईपर्यंत बिनपगारी घरी बसा. दवाखान्यांनीच तशी अट घातली होती. मी घेतली. दोन दिवस दंड जड झाला, काम थोडंच थांबतंय. बाराजण मात्र अडून बसले होते आणि मावशी त्यांतली एक. आज वीस तारीख. संध्याकाळी पाचला दवाखान्याचे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर अंगणात माइकवरून लस घेतलेल्यांची नावं वाचायची, म्हणजे उरलेल्यांना लाज वाटेल, अशी साहेबांची युक्ती होती. काल सकाळी त्यांनी तसं जाहीरही केलं होतं.

"लस न घेणं वेगळं," साहेब म्हणाले. "त्यासाठी मी कुणाला काढत नाही. पण चोरी म्हणजे चोरी. पाचपर्यंत रजिस्टर मिळालं नाही, किंवा हिनं नेलं नाही असं कुणी दाखवलं नाही, तर मला हिला काढावं लागेल."

"आणि पेन्शन?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर मावशीच्या नावाचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. फक्त सही राहिली होती.

२

मावशीला मी माझ्या खोलीत घेऊन आले, स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. तिनं पेला नुसता हातात धरून ठेवला.

"अगं, एप्रनखाली काय होतं ते सांगून टाक ना. सुंठीवाचून खोकला जाईल."

"नाही सांगता येणार."

"रजिस्टर होतं?"

"तुला तसं वाटतं?"

"मला काय वाटतं त्यानं साहेबांचं पत्र फाटणार आहे का?" मला राग आला होता, आणि तो लपवायचं त्राण नव्हतं. "चौदा महिने राहिलेत बाई. सव्वीस वर्षं त्या रोलरसमोर वाफ खाल्लीस ती काय यासाठी?"

ती रडली नाही. मावशी रडत नाही. तिचा नवरा एका सुईच्या निमित्तानं दवाखान्यात गेला तो परतलाच नाही. सुईनं गेला की आजारानं, हे तिला कुणी धड सांगितलं नाही. तेव्हापासून सुई बघितली की तिचे हात गार पडतात. घरात ती, तिचा धाकटा दीर, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर दहा वर्षांचा होता. तिनंच त्याला मोठं केलं. तोही आमच्याकडेच आहे, आणि लस न घेणाऱ्यांचा म्होरक्याही तोच. त्याला सगळे पुढारी म्हणतात.

"दिरानं काही करायला सांगितलं का तुला?"

"त्याचं नाव यात आणू नकोस," ती चटकन म्हणाली. "त्याची पोर आठ दिवस दवाखान्यात आहे. त्याच्या मागे आधीच काय कमी आहे?"

मग मी सिस्टरला गाठलं. ती दवाखान्यातून आठवड्यातून तीनदा येते. पोरगी गुणी आहे, पण कायम दमलेली.

"काकू, खणाला कुलूप आहे, पण ते लागतच नाही," ती म्हणाली. "काल तीनला शेवटची नोंद केली. दवाखान्याकडून एक यादी आली होती, बाहेर लस घेतलेल्यांची. ती मागच्या पानावर चिकटवली. वाचलीसुद्धा नाही, गाडी सुटत होती. सव्वातीनला मी गेले."

"ती यादी परत मागवता येईल ना?"

"येईल. पण तीन दिवस लागतात."

"रजिस्टर दिसायला कसं होतं?"

"लांबट, जाड. निळ्या कापडाची पाठ. आणि पुढे फॉर्म लावायला मोठा पोलादी चिमटा, हाताएवढा. त्याच्यात एकदा माझं बोट सापडलं होतं."

"कोरे फॉर्म कुठं असतात?"

"टेबलावरच. हवा तो उचलतो."

मी पुन्हा मावशीकडे गेले आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. गुडघ्यांनी जाहीर निषेध केला. "मावशे, तू काल लस घ्यायला गेली होतीस. हो ना?"

तिनं पेला खाली ठेवला.

"सिस्टर निघून गेली होती," ती अगदी हळू बोलली. "कोरा फॉर्म घेतला, एप्रनखाली घातला. घरी भरून आणावा म्हटलं. पण दिराला कळलं तर काय वाटेल? अकराजणांना घेऊन उभा आहे तो, आणि घरचीच फुटली म्हणून हसतील त्याला. घरी गेले आणि चुलीत घातला फॉर्म. आता दाखवायला काही नाही माझ्याजवळ."

खरं सांगत होती ती. पण जळलेला कागद साक्षीला उभा राहत नाही, आणि घड्याळात साडेदहा वाजले होते.

३

मावशीला रोलरवर पोचवून खोलीत परतले तर माझ्या टेबलावर हिरव्या चादरींचा ढीग. घडी घालणाऱ्या पोरी तो टाकून गेल्या होत्या, आणि त्यांतली एक दारातच उभी होती.

"काकू, या झिजल्यात का बघा. सगळ्यांवर पांढरा कोंडा आहे. झटकून झटकून हात दुखले. तीन नंबरच्या यंत्रातून काल संध्याकाळी निघाल्यात."

"ठेव तिथंच. आज मला आधीच भरपूर झालंय."

ती गेली. सवयीनं मी वरची चादर उजेडात धरली. हे मी आंधळ्यासारखी करू शकते: चारी कडा, मग मध, मग उलटी बाजू. भोक नाही, फाट नाही, विरलेली जागा नाही. दुसरी घेतली. तीही धड. एकूण सतरा चादरी, आणि एकीलाही टाका घालायची गरज नव्हती. मग कोंडा आला कुठून?

तो बोटांत चुरगळून बघितला. सुताचा नव्हता. घरी कुणाच्या खिशात कागद राहिला आणि कपडे धुतले की जे होतं, ते होतं. कागदाचा लगदा, वाळलेला. काही कणांना निळसर झाक होती, शाईची.

मी चादरी भराभरा उलगडायला लागले. चौदाव्या चादरीच्या कोपऱ्यात गुंडाळी होऊन अडकलेली एक निळ्या कापडाची पट्टी निघाली, वीतभर लांब. तिच्या मधोमध टाक्यांची ओळ होती. तो टाका मी ओळखते. तो शिंप्याचा नाही, पुस्तक बांधणाऱ्याचा.

चोरानं रजिस्टर नेलंच नव्हतं. नव्वद अंश गरम पाण्यात, साबण घालून, तासभर धुतलं होतं.

४

आता हे समजायला आमच्या कारखान्याची भिंत समजली पाहिजे. इमारतीचे दोन भाग आहेत, मळकी बाजू आणि धुतली बाजू, आणि मधे आरपार भिंत. यंत्रं त्या भिंतीतच बसवलेली. मळक्या बाजूच्या दारानं कपडे आत, धुतल्या बाजूच्या दारानं बाहेर. एक दार उघडं असताना दुसरं उघडत नाही. धुतल्या बाजूच्या माणसाला पलीकडे जायला कुणी अडवत नाही. पण मळक्या बाजूकडून इकडे यायचं तर आधी आंघोळ, मग पांढरे कपडे, मग वहीत सही. साहेबसुद्धा सुटत नाहीत. दवाखान्यातल्या रोग्यांचे कपडे आहेत हे, गंमत नाही.

सिस्टरची खोली धुतल्या बाजूला. मावशीही धुतल्या बाजूची. रजिस्टर यंत्रात घातलं ते मात्र मळक्या बाजूनं, कारण दुसरीकडून घालताच येत नाही. मावशी पलीकडे गेली असती तर परत येताना आंघोळ करून सही करावी लागली असती.

मी आंघोळीची वही काढली. काल तीननंतर दोनच सह्या होत्या. साडेतीनला मुकादम, चारला पुढारी. मावशीची सही नव्हती.

वही आणि ती निळी पट्टी घेऊन मी साहेबांकडे गेले, रजिस्टर कसं धुतलं गेलं ते सांगितलं. त्यांनी बघितली, मान हलवली. "काकू, दिरानं तिच्याकडून घेऊन नेलं असेल. ती चोरी, तो साथीदार. उलट हे वाईटच आहे." कपाळ माझं!

"साहेब, मला एक सांगा. ज्यांनी लस घेतली नाही त्यांची नावं रजिस्टरमध्ये आहेत का?"

"नाहीत. घेतलेल्यांचीच."

"मग ते नाहीसं करून न घेणाऱ्यांना काय मिळणार? रजिस्टर असो नसो, ते बिनपगारी घरीच बसणार. ज्याचं नाव आत आहे आणि ते वाचलं जायला नको आहे, त्यानं ते धुतलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "लस घेतल्याची कुणाला लाज वाटते?"

"तेच बघते," म्हटलं, आणि मुकादमाला शोधायला निघाले.

मुकादम म्हणजे आवाज. वीस दिवस हा माणूस 'भित्रे आहात, भित्रे' म्हणून त्या बाराजणांवर ओरडत होता. मी त्याला साबणाच्या कोठीत एकटा गाठला.

"काल साडेतीनला तुम्ही आंघोळ करून इकडे आलात. कशाला?"

"पाहणीला. रोज येतो."

"आणि आल्या आल्या सिस्टरच्या खोलीच्या दाराशी कसे पोचलात? मावशीला पाहायला दुसरीकडून जमत नाही. ती खोली कोपऱ्यात आहे."

तो कानापर्यंत लाल झाला.

"मुकादम, तुम्ही रजिस्टर घ्यायला गेला होतात."

"घेतलं नाही!" तो ओरडला, आणि मग दार लोटून खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, देवाशपथ, घेतलं नाही. घेणार होतो. मावशी बाहेर आली, मी घाबरलो आणि परत फिरलो. साहेब काल म्हणाले की शेऱ्यासकट वाचणार. माझ्या नावापुढे काय शेरा आहे माहीत आहे? 'चक्कर येऊन पडले, अर्धा तास झोपवून ठेवले.' सुई दंडाला लागायच्या आधीच पडलो हो मी."

मला हसूच फुटलं. वीस दिवसांत पहिल्यांदा हसले असेन. "आणि त्यांना भित्रे म्हणत होता?"

"म्हणूनच म्हणत होतो," तो भुईकडे बघत बोलला.

पण हसून भागणार नव्हतं. कारण होतं, संधी होती, आणि माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल होता की तो तिथं गेला होता. साहेबांना हे पुरेसं होतं. मला मात्र एक गोष्ट सलत होती. आणि तिच्यासाठी मला पलीकडे, मळक्या बाजूला जायला लागणार होतं.

५

मळक्या बाजूला जायचं म्हणजे डगला, टोपी, हातमोजे, आणि येताना दिवसातली दुसरी आंघोळ. सत्तावन्न वर्षांच्या बाईला हा छळ आहे. पण गेले.

मला सलत होतं ते हे: एकही चादर फाटली नव्हती.

सिस्टर म्हणाली होती, रजिस्टरला हाताएवढा पोलादी चिमटा होता. तो चिमटा तासभर त्या ड्रममध्ये सतरा चादरींबरोबर गरगर फिरला असता, तर चादरींच्या चिंध्या होऊन माझ्या टेबलावर आल्या असत्या. एक विसरलेली टाचणी काय करते ते मी एकोणतीस वर्षं शिवते आहे. याचा अर्थ, रजिस्टर यंत्रात घालायच्या आधी कुणीतरी चिमटा काढला होता. चोरीच्या घाईत, पुरावा नष्ट करताना, कुणी चादरींची काळजी घेतली होती.

हे मुकादम करणार नाही. त्यानं आयुष्यात कधी कपडे निवडले नाहीत. नुसत्या ढिगांकडे बोट दाखवलं. हे करतो तो निवडणारा. मळक्या बाजूचे निवडणारे दिवसभर टेबलाशी उभे राहून कपडे चाचपतात. ऑपरेशनच्या कापडांत सुया, कात्र्या, चिमटे, पेनं काय काय येतं. कापड हातात घेतलं की बोटं आपोआप फिरतात, आणि धातू लागला की तो काढून समोरच्या डब्यात. प्रत्येकाचा आपला डबा, त्यावर नंबर. झाकणाला फट, खाली कुलूप. शनिवारी मुकादम किल्ली लावून उघडतो आणि सगळं दवाखान्याला परत जातं. एकदा आत गेलेलं निवडणाऱ्याला बाहेर काढता येत नाही.

किल्ली मुकादमाकडून घेऊनच निघाले होते. त्यालाही बरोबर आणला. साक्षीला एक माणूस हवा.

"सगळे उघडायचे?" त्यानं विचारलं.

"काल संध्याकाळी तीन नंबरचं यंत्र कुणी भरलं?"

त्यानं पाटी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. तो सरळ नऊ नंबरच्या डब्यापाशी गेला आणि किल्ली लावली. दोन सुया, एक कात्री, एक औषधाची फुटकी बाटली. आणि सगळ्यांत वर, हाताएवढा पोलादी चिमटा. फॉर्मचा फाटलेला कोपरा त्याच्या जबड्यात अजून धरलेला होता.

मुकादमानं मोठा श्वास सोडला. स्वतः सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसला आणि लगेच मावळला, कारण नऊ नंबर कुणाचा हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही.

६

आंघोळ करून खोलीत आले तेव्हा तीन वाजले होते. पुढाऱ्याला निरोप धाडला होता. तोही आंघोळ करून, ओल्या केसांनी आला. तिशीतला माणूस, पण त्या दिवशी पन्नाशीचा दिसत होता. मी चिमटा टेबलावर ठेवला.

त्यानं तो बघितला आणि स्टुलावर बसला. "डब्यात टाकला मी?"

"टाकलास."

"मला आठवतसुद्धा नाही काकू. घरी गेल्यावर सुचलं, चिमटा कुठं गेला. वाटलं यंत्रात गेला. ड्रम बिघडेल म्हणून झोप लागली नाही." तो विचित्र हसला. "बघा, कशाची काळजी करत होतो."

"लस कधी घेतलीस?"

"चार तारखेला. दवाखान्यात. पोरीला श्वास लागला होता, रात्रीतून नेलं तिला, तीन तारखेला. दुसऱ्या दिवशी घरी पाठवली, पण डॉक्टर म्हणाले पुन्हा आणावं लागेल. आणि वॉर्डात लस नसलेल्या माणसाला बसू देत नाहीत. बाप असला तरी. दारावरच्या माणसाच्या मी पाया पडायचा बाकी होतो. मग म्हटलं, टोचा." त्यानं डोळे पुसले. "वहिनीला सांगितलं, मी खालच्या बाकावर बसतो. परवा वॉर्डातला कारकून म्हणाला, तुमचं नाव तुमच्या कारखान्याला कळवलंय. आणि काल साहेबांनी माइकचं जाहीर केलं. अकराजण माझ्या शब्दावर उभे आहेत. त्यांना काय तोंड दाखवू?"

"त्या अकरांचं सोड रे," मी म्हटलं. "त्यांतली एक तुझ्या घरात आहे. तिला नोकरीवरून काढतायत. सकाळपासून माहीत आहे तुला."

"सांगणार होतो. पाचच्या आत सांगणार होतो."

"सांगणार होतास?"

त्यानं चिमटा उचलला आणि परत ठेवला. एवढं मात्र त्याचं खरं वाटलं मला: त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"साहेबांना मी सांगू की तू सांगतोस?"

"मीच सांगतो. पण आधी..." आणि तो दाराकडे बघून थांबला.

मावशी दारात उभी होती. तिला मी बोलावलं नव्हतं. दिराला माझ्या खोलीकडे येताना बघून रोलर सोडून आली होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. सगळंच असावं.

"चार तारखेला घेतलीस?" तिनं विचारलं.

"वहिनी..."

"नऊ तारखेला तू माझ्यासमोर बसून म्हणालास, 'वहिनी, घेऊ नका. दादाचं काय झालं ते आठवा.' नऊ तारखेला म्हणालास ना?"

"हो."

"म्हणजे घेऊन पाच दिवस झाले होते तुला."

ती आत आली. मला वाटलं आता मुस्काटात मारते. मारली असती तर बरं झालं असतं, दोघांनाही.

"तू खोटा पडू नयेस म्हणून मी फॉर्म जाळला," ती म्हणाली. "सकाळपासून त्या साहेबासमोर चोर म्हणून उभी राहिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. तुझं हसं होईल म्हणून. आणि तू पलीकडे चादरी निवडत होतास?"

"वहिनी, तुम्ही घेतली असतीत आणि मी त्या सगळ्यांना सोडलं असतं, तर सगळे म्हणाले असते..."

"काय म्हणाले असते ते ऐकायला मी होते ना तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "त्याच्या नावानं घाबरवलंस मला. तुझ्या भावाच्या नावानं." आणि तेव्हा तिचा आवाज फुटला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना बघितलं. मला काय करावं सुचेना, म्हणून तिच्या हातात एक धुतलेला नॅपकिन दिला. माझ्याकडे तेवढंच असतं.

पाच वाजता अंगणात सगळे जमले. दवाखान्याचे अधिकारी खुर्चीवर, साहेब माइकपाशी. वाचायला रजिस्टर नव्हतंच. पुढारी स्वतः पुढे गेला. त्यानं माइक घेतला नाही. आपल्या अकराजणांकडे तोंड करून साध्या आवाजात सगळं सांगितलं. लस, पोर, रजिस्टर, चिमटा, वहिनी. एकजण खाली थुंकला. एकजण निघून गेला. बाकीचे नुसते बघत राहिले, आणि ते बघणं मला त्या थुंकीपेक्षा वाईट वाटलं. मुकादमाला मात्र काय झालं कोण जाणे. तो पुढे आला आणि म्हणाला, "मी चक्कर येऊन पडलो होतो. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं तसं." कुणी हसलं नाही. त्या दिवशी त्याचा आवाज चढला नाही.

साहेबांनी मावशीचं पत्र तिच्यासमोर फाडलं. पुढाऱ्याला त्याच संध्याकाळी काढलं. काही चुकीचं केलं असं मला म्हणता येणार नाही, आणि बरं केलं असंही म्हणवत नाही. सिस्टरनं मावशीला विचारलं, आज घेता का, मी थांबते. ती म्हणाली, "आज नको. आज घेतली तर रागानं घेतल्यासारखी होईल. उद्या येते." म्हणजे नियमाप्रमाणे उद्या सकाळपर्यंत तीही बिनपगारी घरी.

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर चालले. दीर पुढे, पन्नास पावलांवर, डबा हातात, मागे न बघता.

"आज घरी काय करशील?" मी विचारलं.

"काय करणार? पोरीजवळ जायचंय त्याला. डबा मीच भरून देणार. तिला तरी उपाशी का ठेवू?" ती पाय ओढत चालली होती, माझ्यासारखीच. "उद्या टोचून घेते. तू येशील का हात धरायला? माझे हात गार पडतात."

"येईन."

"दंड किती दिवस दुखतो गं?"

"दोन दिवस."

"मग दोन दिवस घरातली सगळी भांडी त्यालाच घासायला लावते," मावशी म्हणाली. "नाहीतरी आता रिकामाच आहे तो."